बारशाला मेमरी कमी पडली

नातीचं बारसं मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बघायचं नाही, कंप्युटरवर ऐसपैस बघायचं, असं मी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

बारसं मेलबर्नला. लेक तेजल तिथे, तिच्या बाळंतपणासाठी आमची ही तिथे आणि मी नाशिक रोडला कुकरच्या सोबतीने. (तो निदान शिट्टी तरी मारतो.) कंप्युटर तेजलच्या कॉलेजच्या दिवसांतला, म्हणजे आता माझ्यासारखाच निवृत्त. इस्त्रीचा सदरा चढवून (खाली पायजमाच, मेलबर्नला काय दिसतंय!) मी त्याच्यापुढे बसलो, कॉल लावला. पडद्यावर पाटी आली : मेमरी कमी आहे, काही प्रोग्रॅम बंद करा.

माझा मेहुणा धनराज ओझरला असतो. एकदा सोसायटीचा प्रिंटर चालू केल्यापासून तो आमच्यातला कंप्युटरतज्ज्ञ. त्याला मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल कंप्युटरसमोर धरला.

"दाजी, लय खिडक्या उघड्या ठेवल्यात. हे काय?"

"मेलबर्नचं हवामान."

"अन् हे?"

"तिथलं घड्याळ."

"हे विमान?"

"तुझी ताई गेली ना, ते."

"अहो, ते दिवाळीतच उतरलं!"

"माहितेय."

धनराज हळूच म्हणाला, "बंद करा सगळं, दाजी."

ते मी मुद्दामच उघडं ठेवलं होतं. घरात बोलायला कोणी नाही. येताजाता तिकडे पाऊस आहे का, हिचं जेवण झालं असेल का, एवढं बघितलं तरी बरं वाटायचं. एकेक खिडकी बंद करताना घर आणखीच रिकामं वाटायला लागलं. विमान सगळ्यात शेवटी बंद केलं.

आणि कॉल लागला! पडद्यावर ऐसपैस पाळणा, त्यात गाढ झोपलेली नात, आणि भोवती घुगऱ्या खाणाऱ्या बायका.

"झालं बारसं. आरोही नाव ठेवलं," ही म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "किती खोळंबलो तुमच्यासाठी! शेवटी पोर रडायला लागली. मोबाइलवर कॉल लावून लावून बोट दुखलं माझं. तुमचा बिझी, धनराजचाही बिझी! कोणाशी बोलत होतात एवढं?"

मी हातातल्या मोबाइलकडे बघितलं. धनराज हात जोडून, 'माझं नाव घेऊ नका' अशा खुणा करत होता. एवढ्याशा पडद्यावर, पण एकदाही न अडकता, अगदी स्वच्छ दिसत होता.