पुलाचं वय

साखरपुडा अकराला होता. सव्वादहाला शेजारच्या सरदारची जीप टोलच्या दांड्यापुढे थांबली, आणि मनकर्णाबाईंनी मांडीवरची ओटीची परडी सावरत विचारलं, "ह्यो दांडा कधी आला इथं?"

"परवापासून," टोलच्या खिडकीतला राजेंद्र म्हणाला. "पूल नवा झालाय ना, मावशी. पावती घ्या."

मागे बसलेल्या सुयशनं घाईघाईनं खिसा चाचपला. नवरदेव तोच. आईबाप लहानपणीच गेले, या मनकर्णाआत्यानंच त्याला देवगाव रंगारीत वाढवलं. पुलापलीकडे अर्ध्या कोसावर नवरी मेघाचं गाव, आणि तिथं मेघाचे मामा पुंडलिकराव घड्याळ बघत बसलेले. पाहुणे पाऊण तास उशिरा आले म्हणून या मामांनी आधीचं स्थळ चहा न पाजता परत पाठवलं होतं. तेव्हा सुयशच्या कपाळावर घाम आला, तर त्यात नवल नव्हतं.

"खिशातला हात काढ," आत्या म्हणाल्या.

मनकर्णाबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण पेपर वाचायच्या तो छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. पटलेली बातमी कापून बटव्यात सुपारीशेजारी ठेवायची त्यांची सवय. त्यातली एक घडी त्यांनी खिडकीतून आत सरकवली. "वाच. आधीपासून असलेल्या रस्त्यावर, पुलावर टोल घ्यायचा नाय. राज्याचा कायदा हाय."

राजेंद्रनं इमानदारीत वाचलं. "कायदा बरोबर हाय मावशी. पण आमच्या कागदावर पूल नवा हाय. जुना असल्याचा पुरावा दाखवा, दांडा मी स्वतः उचलतो."

आपण असतो तर पावती घेऊन मोकळे झालो असतो. बाई परडी सुयशच्या मांडीवर देऊन खाली उतरल्या.

"आत्या, पीछे लाइन लग गई," सरदार कळवळला. "कायकू झंझट? मैं भरतूं ना!"

"लागू दे. त्यांचंबी भलंच होईल. तुझी चाक खोलायची टामी घेऊन ये."

पुलाच्या कठड्याला काळेपिवळे ताजे पट्टे मारलेले होते. नवेपणा काय तो तेवढाच. बाईंनी टोकाच्या खांबावर बोट ठेवलं. "इथं खरवड." सरदारनं खरवडलं. रंगाखालून सिमेंटात ओढलेले आकडे निघाले, १९७३. आणि आकड्यांवरून तिरपे गेलेले चार खुरांचे ठसे.

"ह्ये काय?" राजेंद्र वाकला.

"आमची शेळी. दुष्काळी कामावर माझी आई इथं खडी फोडायची, मी शेळी राखायची. मुकादमानं खांब उभा करायच्या आधी ओल्या सिमिटात साल लिहिलं, अन् शेळी त्याच्यावरून पळाली. मार मी खाल्ला. आता सांग, परवाच्या पुलावर माझी शेळी कुठून आली?"

लाइनीतली माणसं उतरून बघायला आली. कुणी खुरांचे फोटो काढले, कुणी बाईंच्या पाया पडलं. भल्याभल्या वकिलांना जमलं नसतं ते या बाईनं अर्ध्या तासात केलं होतं, आणि तेही आवाज न चढवता. राजेंद्रनं शब्दाप्रमाणे दांडा उचलला. टाळ्या पडल्या. अकराला दहा कमी होते. सरदारनं गाडी चालू केली.

तेवढ्यात लाइनीत अडकलेल्या सरकारी गाडीतून एक इंजिनिअर साहेब उतरले. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"बाई, तुमचं शंभर टक्के बरोबर. टोल बंद." परत टाळ्या. "पण त्र्याहत्तर म्हणजे पन्नासच्या वर वर्षं झाली की हो! आमच्याकडं हा नवा म्हणून नोंदवलाय, तपासणीच झालेली नाही. ती होईपर्यंत एकही वाहन सोडता येणार नाही. दोन्हीकडून दगड लावा रे!"

टाळ्या थांबल्या. सुयशनं डोळे मिटले.

"आत्या," सरदार इंजिन बंद करत म्हणाला, "पुरावा जरा कम दिया होता तो चलता था."

मनकर्णाबाईंनी साहेबांना विचारलं, "माणसं चालली तर चालतील ना?"

"चालतील."

त्यांनी पदर खोचला, परडी डोक्यावर घेतली आणि निघाल्या. मागे सुयश, सरदार, अंगठीची डबी सांभाळत स्वतः राजेंद्र, आणि पलीकडं जायचं असलेली निम्मी लाइन. वरात एवढी मोठी निघाली नसती.

पुलाच्या मध्यावर समोरून एक गृहस्थ घामाघूम होऊन चालत आले. पुंडलिकराव. उशीर करणाऱ्या पाहुण्यांना रस्त्यातच गाठून खडसवायला निघालेले, तर पलीकडच्या दगडांपाशी त्यांची मोटारसायकल अडवलेली.

"अकरा वाजून बारा मिनिटं झाली!" ते गरजले. "अन् आधी मला सांगा, भरदिवसा पूल बंद कुणी पाडला?"

सुयशनं आत्याचा पदर ओढला. पण खोटं बोलणं त्यांच्या बटव्यात नव्हतंच.

"म्या पाडला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "टोलबी म्याच बंद पाडला." आणि काय झालं ते त्यांनी शेळीसकट सांगितलं.

पुंडलिकरावांनी ऐकून घेतलं. उचललेल्या दांड्याकडे एकदा पाहिलं, एकदा बाईंकडे. मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाईंच्या डोक्यावरची परडी अदबीनं स्वतःच्या हातात घेतली.

"चला, विहीणबाई," ते म्हणाले. "सोयरीक पक्की. तुमच्यासारखं माणूस समोरच्या पार्टीत असण्यापरीस आपल्या घरात असलेलं बरं."