साउंड कार्डाचं परमिट

मेश्रामभाऊंना साधा बल्ब बदलायचा असला तरी ते आधी परमिट काढत.

परमिट म्हणजे खरोखरचा कागद. कामाचं स्वरूप, कामाची जागा, संभाव्य धोके, वीज कुठून बंद केली, परमिट देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटवर ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. तिथं या कागदाशिवाय पान्याला हात लावायची सोय नसते. आता प्लांटवर ठीक आहे हो. पण या गृहस्थानं तो फॉर्म स्वतः टाइप करून, शंभर झेरॉक्स काढून घरी आणून ठेवला होता.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. बहारीनमध्ये बुदैयाच्या रस्त्याला एका जुन्या घराचे मालकानं चार भाग करून भाड्यानं दिले होते. खाली मी आणि सुनीता, माझी बायको. वर गच्चीलगतच्या खोलीत मेश्रामभाऊ. मूळचे भंडाऱ्याचे. बायको आणि मुलगी नागपुरात, आणि हे इथे एकटे. मी ठाण्याचा, एका शिपिंग कंपनीत कारकुनी करणारा, यंत्रांपासून चार हात लांब राहणारा माणूस. मला या परमिटप्रकरणात पडायचं काहीच कारण नव्हतं. पण नियम असा होता की परमिट देणारा आणि घेणारा एकच माणूस असून चालत नाही.

"सोतालेच परमिट देता येत नाही जी," त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला समजावलं. "तुमी द्या, मी घेतो."

असा मी बसल्याजागी अधिकारी झालो. सुनीताला त्यांनी आगीवर लक्ष ठेवण्याचं पद दिलं आणि वाळूनं भरलेली एक बादली आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली. ती बादली दोन वर्षं तिथंच होती. तिच्यात सुनीतानं पुढं पुदिना लावला, तेव्हा त्यांनी तीन दिवस आमच्याशी बोलणं कमी केलं होतं.

परमिटबरोबर एक लाल टॅग असे. ज्या यंत्राचं काम चाललंय त्याच्या बटणाला तो बांधायचा. वर लिहिलेलं: 'चालू करू नका. माणूस कामावर आहे. – न. मेश्राम'. आणि नियम असा की ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा. एकदा आमच्या स्वयंपाकघरातला प्लग दुरुस्त करताना त्यांनी फ्रिजला टॅग बांधला, आणि तेवढ्यात प्लांटवरून बोलावणं आलं म्हणून तसेच निघून गेले. मी हात पुढं केला तर सुनीता म्हणाली, "नको बाई, त्यांचा नियम आहे." संध्याकाळी दूध नासलं तेव्हा मात्र तिचा सूर बदलला. मी प्लांटवर फोन लावला.

"टॅग मीच सोडणार साहेब," पलीकडून शांत आवाज आला. "शिफ्ट संपली का येतो."

"त्यांना सांगा," सुनीता मागून ओरडली, "दूध त्यांच्या मॅनेजरला नेऊन द्या!"

हे त्यांना ऐकू गेलं असावं. घरी आले ते दोन लिटर दूध घेऊनच. पण टॅग सोडण्याआधी प्लगचं काम पूर्ण केलं, माझी सही घेतली, आणि मगच गाठ सोडली.

मी चिडून विचारलं, "भाऊ, इतकं कशासाठी?"

"आमच्या इथं एकानं टाकीत माणूस असताना पंप चालू केला होता," ते म्हणाले. "वाचला तो. पण मी तिथं होतो. लोकाइले कागद दिसते, मले तो माणूस दिसते."

त्यानंतर मी मुकाट्यानं सह्या करू लागलो.

तर एका वर्षी मार्च महिन्यात आमच्या ऑफिसनं नवे कंप्युटर घेतले आणि जुने स्टोअरच्या कोपऱ्यात रचून ठेवले. एक मी विचारून घरी आणला. गाडीतून उतरवतानाच मेश्रामभाऊंनी गच्चीवरून पाहिलं आणि चपला न घालता खाली धावत आले.

"साहेब, हा मले द्या."

या माणसानं आजवर माझ्याकडं चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं. मी लगेच देऊन टाकला. मला त्याचं करायचं तरी काय होतं!

"मे महिन्यात माही पोट्टी येऊन रायली," ते म्हणाले. "दोन महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर, आईसंगं. ती यायच्या आधी याच्यात आवाजाचं काम झालं पायजे."

म्हणजे सातेक शुक्रवार हातात होते. आमची सुट्टी शुक्रवारची, आणि त्यांची शिफ्ट कधी शुक्रवारी येई, कधी नाही. मनामातल्या एका दुकानातून ते साउंड कार्ड घेऊन आले. दुकानदारानं म्हणे सांगितलं होतं, "लगाओ, डालो, चालू करो, खलास!" मेश्रामभाऊंना हे वाक्य मुळीच आवडलं नव्हतं. "ज्या कामात माणूस खलास म्हणते ना जी, ते काम तिथूनच सुरू होते."

आणि झालंही तसंच. पहिल्या शुक्रवारी त्यांच्या खोलीत मी परमिटवर सही केली. सुनीता खाली आमच्या दारात बादलीपाशी उभी राहिली. कंप्युटरचं झाकण उघडलं, कार्ड खाचेत बसवलं. मग दोन फ्लॉपींवरून ड्रायव्हर घालायचा, म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे कंप्युटरला शिकवायचं. तो ड्रायव्हर मधेच प्रश्न विचारी आणि शेजारी स्वतःच उत्तरही सुचवी. दुसरा कोणीही ते उत्तर मान्य करून पुढं गेला असता.

"त्यानं आपल्याले विचारलं ना? मंग उत्तर आपण शोधायचं," म्हणून मेश्रामभाऊंनी काम थांबवलं, टॅग बांधला आणि कार्डाबरोबरचं पुस्तक वाचायला घेतलं. पहिल्या पानापासून. मागचे जगभरातले पत्तेसुद्धा. ते इंग्रजी इतकं भयंकर होतं की लिहिणाऱ्यालाही ते परत वाचायचा धीर झाला नसता. भाऊंनी मात्र लाल पेननं खुणा करत ते दोनदा वाचलं.

पुढच्या शुक्रवारी ड्रायव्हर घातला, कंप्युटर पुन्हा चालू केला, आणि तो जो गोठला तो हलेचना. उंदीर हलवा, बटणं दाबा, काही नाही. मी म्हटलं, "भाऊ, द्या सोडून." त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पटकन चहाचं निमित्त करून उठलो.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला रोग समजावून सांगितला. कंप्युटरच्या पोटातल्या प्रत्येक कार्डाला मुख्य मेंदूला हाक मारायला एक नंबर लागतो. एकाच नंबरावरून दोघांनी हाक मारली की मेंदू गोंधळतो आणि सगळंच बंद पडतं. आमच्या साउंड कार्डाला पाच किंवा सात, यातलाच नंबर चाले. सातवर प्रिंटर बसलेला.

"मग प्रिंटर काढून टाका. तुम्हाला काय छापायचंय?"

"प्रिंटर पायजे," ते म्हणाले. "दोनी पायजेत."

आणि पाचवर? पाचवर होतं ऑफिसचं नेटवर्क कार्ड. सगळे कंप्युटर एकमेकांना जोडलेले असताना लागायचं ते. आता बुदैयाच्या गच्चीवर त्याला जोडायला होतं कोण, खाटेवरची उशी? मी म्हटलं, काढा की ते. मेश्रामभाऊ हात मागे बांधून उभे राहिले.

"हे उपकरण तुमच्या ऑफिसचं आहे. ते बंद करायले मालकाची सही लागते."

"अहो, ऑफिसनं ते टाकून दिलंय!"

"टाकून देल्याचा कागद आहे?"

कागद नव्हता. शनिवारी सकाळी मी त्यांचं परमिट घेऊन आमच्या स्टोअरच्या प्रमुखापुढं उभा राहिलो. हा बहारीनी गृहस्थ, आम्ही त्याला अबू खलील म्हणत असू. त्यानं चष्मा लावून तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. 'संभाव्य धोके' या रकान्यात भाऊंनी इंग्रजीत लिहिलं होतं: 'कार्ड तुटणे. स्क्रू आत पडणे. घाई.' अबू खलील बराच वेळ त्या शेवटच्या शब्दाकडं पाहत राहिला. मग त्यानं सही केली, वर शिक्काही मारला आणि मला म्हणाला, "ये आदमी इधर काम करेगा? पूछो. मेरे स्टोअर में रोज कुछ ना कुछ मफी!" मफी म्हणजे गायब.

मी निरोप दिला. भाऊंना निरोपापेक्षा शिक्क्याचा आनंद जास्त झाला.

नेटवर्क कार्ड निघालं. मग साउंड कार्डावरची एक प्लास्टिकची टोपी, उडदाच्या डाळीएवढी, सातवरून काढून पाचवर बसवायची होती. भाऊंची बोटं प्लांटवर पाने फिरवून जाड झालेली. त्यांनी सुनीताकडं तिचा भुवया कोरायचा चिमटा मागितला, आणि परमिटवर 'हत्यारे' या रकान्यात 'चिमटा, वहिनींचा, एक' अशी नोंद केली.

त्या दिवशी कंप्युटर गोठला नाही. पडद्यावर कार्डाचं नाव आलं, खाली लिहिलेलं आलं की सर्व ठीक आहे. आम्ही तिघं एकमेकांकडं पाहू लागलो. आवाज मात्र काही येईना.

"अहो, पण स्पीकर कुठायत?" सुनीतानं विचारलं.

खरंच की! पाच आठवडे आम्ही त्या कार्डाची पूजा बांधली होती आणि स्पीकर आणलेच नव्हते.

"स्पीकरची घाई नाही वहिनी," म्हणत त्यांनी कपाटातून एक नवा कोरा माइक काढला आणि कार्डाच्या मागं खोचला. कार्डाबरोबर आवाज नोंदवायचा एक छोटा प्रोग्रॅम आला होता. काळ्या चौकोनात एक हिरवी आडवी रेघ. भाऊ माइकमध्ये "हॅलो" म्हणाले आणि ती रेघ उसळून पुन्हा सरळ झाली.

मग त्यांनी मला बसवलं. "साहेब, 'आ' म्हणा. आता 'मा'. आता 'पा' म्हणा, हळू. आता जोरात." प्रत्येक वेळी ते रेघ बघत आणि वहीत काहीतरी लिहीत. दहा मिनिटं मी 'पा पा पा' करत होतो. शेवटी म्हटलं, "भाऊ, मला गाण्याच्या परीक्षेला बसवताय का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माया पोट्टीले ऐकू येत नाही जी," ते म्हणाले. "जन्मापासून."

एखादा व्हॉल्व्ह अडकलाय हे ते ज्या सुरात सांगत, त्याच सुरात. दोन वर्षं या माणसानं पोरीचं चित्र, पोरीची उंची, पोरीचा पडलेला दात, सगळं आम्हाला सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं.

"सांगतलं का लोकं उपाय सांगतेत," सुनीताच्या चेहऱ्याकडं पाहत ते म्हणाले. "ताईत, बाबा, नवस. मी बुद्धिस्ट माणूस. मले उपाय नाही पायजे, यंत्र पायजे. तिच्या शाळेच्या बाई म्हणे, पोट्टीचा गळा चांगला आहे. तिले आवाज काढता येते. पण आपला आवाज निघाला हे तिले कसं समजन? ते दिसलं पायजे. मंग ते छापून बाईले पाठवीन. म्हणून प्रिंटर."

सुनीता उठून खाली आमच्या स्वयंपाकघरात गेली. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. दर आठवड्याला हा माणूस टेलिफोनच्या बूथवर रांग लावून नागपूरला फोन करी, आणि मुलीशी एक शब्दही बोलल्याशिवाय परत येई. हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्या दोघी आल्या. पोरीचं नाव प्रज्ञा. सात वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि बापासारखीच प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची खोड. शुक्रवारी दुपारी मेश्रामवहिनींनी आम्हाला जेवायला वर बोलावलं. जेवणाआधी भाऊंनी प्रज्ञाला कंप्युटरसमोर बसवलं आणि माइक तिच्या हातात दिला.

तिनं आधी फुंकर मारली. रेघ थरथरली. तिनं पडद्याच्या मागं जाऊन पाहिलं, तिथं कोणी नव्हतं. पुन्हा बसली, तोंड उघडलं आणि एक जाडसर, लांबलचक 'आ' काढला. रेघ चौकोनभर नाचली. ती थांबली, रेघ थांबली. तिनं पुन्हा काढला. मग तिला कळलं. हे कोण करतंय ते कळलं, आणि ती अशी काही खदखदून हसली की त्या हसण्यानंही रेघ उसळली, आणि ते पाहून ती आणखीच हसली.

मग तिनं माइक आईच्या तोंडाशी धरला. सुनीताच्या. माझ्या. प्रत्येकाची रेघ तिनं नीट निरखून पाहिली. शेवटी बापापुढं धरला.

आणि फ्रिजच्या प्लगवर अर्धा तास बोलू शकणारा हा माणूस गप्प. ओठ हलेनात. हिरवी रेघ सरळच्या सरळ. प्रज्ञानं माइक झटकून पाहिला, वायर तपासली, कार्डामागची खोच दाबून पाहिली. सगळं ठीक होतं. तिनं बापाकडं पाहिलं.

"प्रज्ञा," मेश्रामभाऊ म्हणाले.

एक बारीकसा उंचवटा आला आणि गेला. तिनं तो होता तिथं बोट ठेवलं, मग मान हलवली. नाही. हात वर करून तिनं खूण केली, अजून मोठ्यानं.

"प्रज्ञा!"

पुन्हा तीच खूण.

मेश्रामभाऊ उठून उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला, आणि गच्चीच्या उघड्या दारातून खालच्या खजुराच्या बागेतला माळी मान वर करून बघेल एवढ्या मोठ्यानं त्यांनी आपल्या मुलीला हाक मारली. रेघ वरच्या कडेला जाऊन आदळली. प्रज्ञानं ती पाहिली आणि समाधानानं मान डोलावली.