दाखला छापून झाला आहे

कागद हा प्रशासनाचा श्वास आहे, आणि श्वास जितका रोखून धरावा तितके योगसामर्थ्य वाढते. नाशिकमधल्या दाखले देणाऱ्या एका कार्यालयाला (नाव सांगत नाही; तिथे माझी कामे अजून अडलेली आहेत) २००३ साली हे उमगले आणि तिथे ‘मुद्रणमित्र’ आला.

मुद्रणमित्र म्हणजे प्रिंटर सांभाळणारे सॉफ्टवेअर. तो येण्याआधी कारकुनाने बटण दाबले की शेजारच्या प्रिंटरमधून कागद यायचा. यात कसलीच शिस्त नव्हती. आता नाशिकचे आणि पिंपळगाव बसवंतच्या शाखेचे सगळे प्रिंटर एका जाळ्यात ओवले गेले. बटण कारकुनाने दाबायचे. कागद कुठे काढायचा ते मुद्रणमित्राने ठरवायचे आणि कोणाला सांगायचे नाही. उद्घाटनाला कार्यालयप्रमुख भामरेसाहेबांनी नारळ फोडला. (पाणी सर्व्हरवर उडाले. ते शुभ मानण्यात आले.) पहिल्याच महिन्यात कार्यक्षमता शंभर टक्के भरली. मोजणी मुद्रणमित्रच करत असल्यामुळे मानवी चुकीला वाव नव्हता.

अशा या भरभराटीच्या काळात, एका गुरुवारी, सुरगाण्याकडच्या कुसाबाई भोये लेकीला घेऊन खिडकीशी आल्या. लेक संजना बारावी पास झाली होती आणि नर्सिंगच्या यादीत तिचे नाव लागले होते. जमातीचा मूळ दाखला शनिवारी दुपारपर्यंत दाखवायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. अर्ज मंजूर होता. सही करायला साहेब जागेवर होते. (हा योग दुर्मिळ.) उरली होती फक्त छपाई.

ललित गांगुर्डे या कारकुनाने बटण दाबले. पडद्यावर अक्षरे उमटली : ‘छापून झाले आहे.’

“झाला तुमचा दाखला,” ललित म्हणाला.

“मंग द्या की,” कुसाबाईंनी हात पुढे केला.

ललितने प्रिंटरकडे पाहिले. प्रिंटर ध्यानस्थ होता. दुसऱ्या खोलीतला प्रिंटर शाई वाचवण्यासाठी झोपला होता. तिसरा फक्त साहेबांचा पासवर्ड ओळखत होता आणि साहेब तो विसरले होते. ललितने पुन्हा बटण दाबले. या वेळी मुद्रणमित्र सविस्तर बोलला : ‘हा दाखला अर्जदारास दिलेला आहे. दुबार प्रत हवी असल्यास मूळ प्रत जोडावी.’

ललित भामरेसाहेबांकडे गेला.

“पडद्यावर काय आलंय?” साहेबांनी विचारले.

“छापून झालंय, साहेब.”

“मग अडचण काय?”

“कागद आला नाही.”

“गांगुर्डे, छापणं वेगळं आणि कागद येणं वेगळं. आपल्याला वरून फक्त छपाईचं विचारतात.”

“हातानं लिहून देऊ का? तुम्ही सही केलीत तर...”

“हाताचे दाखले बंद झालेत. आपण पुढे गेलोय.”

मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितले की तक्रार फॅक्सनेच स्वीकारली जाते आणि ती छापील हवी. ललितने तक्रार टाइप केली, बटण दाबले. छापून झाले.

माय-लेकींनी रात्र पंचवटीतल्या धर्मशाळेत काढली. शुक्रवारी दुपारी पिंपळगावच्या शाखेतून लताबाईंचा फोन आला. “अहो, इकडं दोन दिवस झाले, नाशिकचे दाखलेच दाखले येतायत. कोणाचेत हे?”

ललित उडालाच. “ताई, संजना भोये आहे का बघा त्यात!”

“बघते. पण मागची बाजू कोरी होती ना, म्हणून आम्ही त्यावर रजेचे अर्ज छापलेत. कागद कुठं मिळतोय आम्हाला?”

संजना तशीच एसटीने पिंपळगावला गेली. दाखला सापडला. पुढच्या बाजूला ती होती. मागच्या बाजूला मोतीराम शिपाई सासऱ्याच्या आजारपणासाठी चार दिवस रजेवर जात होता, आणि त्याची रजा सही-शिक्क्यानिशी मंजूर होती. कागद रजेच्या फायलीत लागला होता. तो बाहेर काढणे नियमात बसत नव्हते.

“ने गं बाई तू,” लताबाई म्हणाल्या. “मोतीराम काय, रजा नसली तरी घरीच असतो.”

शनिवारी सकाळी भामरेसाहेबांनी तो कागद पुढून पाहिला, मागून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला.

“यावर आधीच एका अधिकाऱ्याची सही आहे,” ते म्हणाले. “मी केली तर रजाही मीच मंजूर केली असं होईल. आणि माझ्या सहीशिवाय ही मूळ प्रत ठरत नाही, म्हणून दुबारसाठीही जोडता येत नाही.”

“साहेब, पोरीची जागा जाईल,” कुसाबाई म्हणाल्या. “लय शिकली वो ती. आमच्या पाड्यात कोणीच नाय शिकलं एवढं.”

“बाई, मला वाईट वाटतंय,” साहेब म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाटत असावे, कारण त्यांनी पंखा एकने वाढवला.

दुपार झाली. जागा गेली. संजना बाहेर पायरीवर बसून राहिली; रडली नाही, नुसती कागद उलटसुलट करत राहिली. त्या हिवाळ्यात ती पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षे भरत होती. पुढच्या वर्षी यादीत तिचे नाव पुन्हा लागले, तेव्हा कुसाबाई दाखल्यासाठी महिनाभर आधीच येऊन बसल्या. आज ती एका सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मुद्रणमित्राच्या वार्षिक अहवालात हे यशोगाथा म्हणून घेतले आहे. तक्रारी : शून्य.

आता आपण म्हणाल, किती हा अंधार, आमचे दाखले तर त्याच साली तासाभरात मिळाले होते. मिळणारच. त्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत जाळ्याला न जोडलेला एक जुना प्रिंटर चादरीखाली झाकून ठेवला होता, आणि आपल्या मेहुण्यांनी सकाळीच फोन केला होता. चहा घेता घेता कागदाच्या कडेची भोकांची पट्टी आपण स्वतःच फाडलीत. बाहेर पडताना पायरीवर कोणी बसले होते, म्हणून “जरा सरका हो,” असेही म्हणालात.

ती सरकली होती.