लिंबानी आराम करतो

लिंबानीने सायकलच्या दौऱ्यातले सगळे कपडे एकदम धुतले आणि तारेवर वाळत घातल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्या अंगावर फक्त पंचा उरलाय. कैरोपासून एका जथ्याबरोबर सायकल हाणत तो टांझानियातल्या म्बेयापर्यंत आला होता. मलावीतलं त्याचं घर आता डोंगरापलीकडे होतं. आजचा दिवस मुक्कामाचा. खायचं, लोळायचं, पुन्हा खायचं, एवढाच बेत.

"मावशी, नेसायला काही मिळेल का?" त्याने लॉजच्या मालकिणीला, तुमाइनीबाईंना विचारलं.

त्यांनी कपाटातून एक कांगा काढला. कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड. काठावर, रीतीप्रमाणे, स्वाहिलीत एक ओळ छापलेली.

"काय लिहिलंय सांगू?"

"राहू द्या. येतं मला वाचायला." स्वाहिली त्याची भाषा नव्हती, पण वाटेत आपण ती कोळून प्यायलो, याबद्दल त्याला शंका नव्हती. 'शेजारीण' आणि 'भांडं' हे दोन शब्द त्याने ओळखले, बाकीचं जुळवलं. "शेजारणीच्या भांड्यात बरकत राहो. हो ना?"

ओळ अशी होती: माझ्या भांड्यात डोकावू नकोस शेजारणी, तुझं करपतंय.

"अगदी बरोबर," तुमाइनीबाई म्हणाल्या. "असं कर, समोरच्या रुकियाकडे चपात्या छान मिळतात. मी जात नाही, तू जा. आणि काठ दिसेल असा नेस."

एका कोंबडीवरून दोघींचा कित्येक वर्षं अबोला होता, हे त्याला कोण सांगणार?

"मावशी, हे तुमच्यासाठीच हं," काठावर बोट ठेवून तो रुकियाबाईंना म्हणाला.

रुकियाबाईंनी ओळ वाचली आणि उलथनं खाली ठेवलं. "तुमाइनीने पाठवलंय?"

"मोठ्या मनाने."

"मग मन मलाही आहे." त्यांनी त्याला गरम चपात्या नि चहा दिला, आणि आतून दुसरा कांगा आणला. "खाऊन झालं की पडद्यामागे जाऊन हा नेस. मग तिच्या अंगणात जरा वेळ उभा राहा."

त्यावर होतं: जळणाऱ्यांनो जळा, माझी चूल त्यावरच पेटते.

तुमाइनीबाईंनी तो वाचला, लिंबानीला केळ्याचं कालवण वाढलं आणि तिसरा कांगा काढला. मग चौथा तिकडून, पाचवा इकडून. दर फेरीला बशी भरलेली. तारेवरची पँट वाळून कडक झाली. पण ती घालतो कोण?

"तुमच्यासारखी शेजारधर्माची माणसं आमच्याकडे नाहीत," तो घास गिळत म्हणाला.

अखेर रुकियाबाईंचे टोमणे संपले. पेटीच्या तळाशी एकच कांगा राहिला, जुना, विटलेला. बराच वेळ त्या तो हातात घेऊन बसल्या. "जा, हा ने," त्या तुटकपणे म्हणाल्या.

ओळ होती: बहीण रक्ताचीच असते असं नाही.

तुमाइनीबाईंनी तो बघताक्षणी ओळखला. रुकियाच्या पहिल्या बाळंतपणात त्यांनीच तो दिला होता. "अजून ठेवलाय तिने?" असं पुटपुटत त्या अनवाणीच रस्ता ओलांडून गेल्या.

दोघी दारात समोरासमोर उभ्या राहिल्या.

"बारीक झालीस," तुमाइनीबाई म्हणाल्या.

"तुझ्या हातचं बंद झालं ना."

मग त्या बाकावर टेकल्या आणि साठलेलं सगळं बोलू लागल्या. ऊन कललं तरी उठायचं नाव नाही. लॉजवर बाकीचे सायकलवाले रिकाम्या ताटल्या घेऊन घुटमळू लागले.

"मावशी, जेवणाचं काय?" लिंबानीने विचारलं.

"पीठ आहे, तवा आहे," मान न वळवता रुकियाबाई म्हणाल्या.

विश्रांतीला आलेला लिंबानी कांगा वर खोचून डझनभर भुकेल्यांसाठी चपात्या लाटायला बसला. पहिली मलावी सरोवरासारखी लांबट झाली आणि एका टोकाला कच्ची राहिली. ती त्याने मानाने दोघींना दिली. रुकियाबाईंनी घास चावून तुमाइनीबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघी एकमेकींवर कलंडून हसत सुटल्या.

आवडली, लिंबानीला वाटलं. त्याने त्यांच्यासाठी आणखी दोन लाटायला घेतल्या.