तायडेकाकांचा अनंत

गिऱ्हाइकाच्या हातात रोप ठेवण्याआधीच तायडेकाका ते मरणार असं सांगून टाकत. पिशवी खालून दाबून बघायची, समोरच्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं आणि म्हणायचं, "नेता त न्या. पन मरते थे."

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या टोकाला, भाड्याच्या एका रिकाम्या प्लॉटवर त्यांची नर्सरी होती. बांबूवर ताणलेली हिरवी जाळी, एक बोअर, एक पाय बांधलेली खुर्ची. फाटकावर 'संजीवनी नर्सरी' अशी पाटी. ती त्यांच्या बायकोच्या हट्टानं लागलेली. काकांचं म्हणणं, पाटी लावायलाच नको होती, लोकांना पत्ता सापडतो.

एकदा नव्या घरासाठी बोगनवेल घ्यायला एक तरुण जोडपं आलं होतं. बोगनवेल काही केल्या मरत नाही असं त्या मुलानं कुठंतरी ऐकलेलं. काकांनी विचारलं, दोघंही नोकरीला जाता का? दोघंही हो म्हणाले. "मंग मरते," काका म्हणाले आणि पिशवी परत रांगेत ठेवून दिली. ती मुलगी रडवेली झाली. शेवटी मीच मध्ये पडून त्यांना ती बोगनवेल मिळवून दिली.

जन्मभर काका गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. म्हैस घेऊन आलेला माणूस आधी 'जगंल का' असंच विचारतो. जगेल म्हणावं आणि मेली, तर तो भांडायला येतो. मरेल म्हणावं आणि जगली, तर पेढे आणतो. हा हिशेब काकांनी दवाखान्यातून सरळ नर्सरीत आणला. फक्त पेढे आले नाहीत. "जगलेल्या झाडाचं कोनी सांगाले येत नाई," ते म्हणत, "मेलेल्याचं सारेच येते."

धंद्याचं गणितही त्यांनी उलटं मांडलं होतं. थंडीत बाकीच्या नर्सऱ्या शेवंती आणि डेलियानं भरून जात, तेव्हा काकांकडे नुसती हिरवी पानं. थंडीत काय, कोणीही फुलतं, असं त्यांचं मत. त्यांचा जीव उन्हाळा संपता संपता फुलणाऱ्या झाडांवर. मदनबाण, गुलबक्षी, सकाळी दहाच्या सुमाराला उघडणारी ऑफिस टाइमची बुटकी फुलं, आणि अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलेला एक जुना अनंत. त्याच्याच फांद्यांपासून ते नवी रोपं करत. मेअखेरीस अमरावती तव्यासारखी तापते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि नेमका तेव्हा काकांचा सगळा माल फुलायचा. या दिवसांत रोपं घ्यायला येणार कोण, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गिऱ्हाइकासाठी फुलते का थे?"

बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा बंगलोरला. दर रविवारी त्याचा फोन येई, आणि नर्सरीतून बोलणं ऐकू येई ते एवढंच: "हो. जेवलो. हो. ठेव." मागच्या गल्लीत एका खोलीत काका राहत. कॉलनीत कुणाकडे लग्न असो, वाढदिवस असो, बोलावलं की मान हलवत आणि जात नसत. आमच्या घरापासून नर्सरी हाकेच्या अंतरावर, पण त्यांनी कधी आमचं फाटक उघडलं नव्हतं.

मग एका मे महिन्यात बोअर आटली. आधी पाण्याबरोबर गढूळ माती आली, मग नुसती हवा. काकांनी टँकर मागवला, तो दोन दिवसांत संपला. दुसरा आलाच नाही. मी संध्याकाळी क्लासवरून परत येताना बघायची, तर काका जाळीखाली खुर्चीवर बसलेले आणि सभोवती सगळ्या रोपांच्या माना खाली. मदनबाणाला कळ्या धरल्या होत्या. त्या तशाच जांभळट होऊन गळत होत्या.

त्या आठवड्यात एका सकाळी काका आमच्या फाटकाशी उभे दिसले. कडी वाजवली नाही, हाकही मारली नाही. माझा नवरा अकोल्याला नोकरीला, शनिवारीच येतो. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंनी बाहेर जाऊन विचारलं, काय झालं भाऊ.

"वयनी, तुमच्या इथं नळ येते ना," काका म्हणाले. "एक झाड ठेवाचं होतं."

त्या दिवशी त्यांनी घरोघर रोपं वाटली. ज्या लोकांवर काडीचा भरवसा नव्हता, त्यांच्याच ओट्यांवर. कुणाकडे गुलबक्षी, कुणाकडे मदनबाणाच्या चार पिशव्या. त्या बोगनवेलवाल्या जोडप्याला ऑफिस टाइमच्या कुंड्या मिळाल्या. जुना अनंत आमच्याकडे आला, हातगाडीवरून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. आमच्या मागच्या अंगणात भिंतीची सावली पडते, हे काकांना कसं माहीत होतं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते फेरीला निघाले. उन्हं कलली की सायकल काढायची आणि एकेका घरी जायचं. मातीत बोट घालायचं, पान उलटून बघायचं, घरच्यांना बोलायचं. एका घरी मदनबाण वाळला, तर त्या बाईनं भीतीनं तो वॉशिंग मशीनच्या मागे लपवला. काकांनी तो शोधून काढला. म्हणाले, मेलेल्याला लपवता कशाला, तो काय पळून चालला होता. आणि तिथंच बसून चहा घेतला. चहात साखर जास्त आहे असंही सांगितलं.

हळूहळू प्रत्येक घरी चहा ठरून गेला. आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी येत आणि सगळ्यात जास्त वेळ बसत. सासूबाई आणि ते मिळून जगाची मोजदाद करत. कोण आजारी आहे, कोणाचं घर भावाभावांत फुटलं, यंदा तूर कशी होणार नाही. दोघांचंही सगळ्या बाबतीत वाईटच होणार यावर एकमत असे, त्यामुळे गप्पा फार आनंदात चालत.

ऑफिस टाइम मात्र त्या जोडप्याकडे भरभरून फुलली. ती मुलगी काकांना बोलवायला स्वतः आली. सुटीच्या सकाळी काका जाऊन बसले, फुलं मिटेपर्यंत बसून राहिले आणि उठताना, पाणी जास्त घालून राहिली, एवढंच बोलले.

जूनमध्ये वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटलं आणि नर्सरीची जाळी फाटून विजेच्या तारांवर जाऊन पडली. बांबू आडवे झाले. आठवडाभरात प्लॉटमालकानं जागा साफ करायला घेतली, त्याला घर बांधायचं होतं. काका भांडले नाहीत. पाटी तेवढी काढून खोलीवर नेली. मी म्हटलं, दुसरीकडे जागा बघू या. ते म्हणाले, "आता कायले."

पाऊस बरा झाला. नळाचीही तक्रार उरली नाही. आता काकांची रोपं काकांना द्यावीत, असं कॉलनीत सगळ्यांना वाटू लागलं. पण ते घेईनात. आज म्हणत, आत्ता मुळं हलवायची नसतात. उद्या म्हणत, खोलीवर ऊन येत नाही. फेरी मात्र चालूच. एकदा मी क्लासवरून दमून आले होते, तेव्हा सासूबाईंजवळ कुरकुरले, की हे झाड आता नेतील तरी कधी. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "झाड पाहाले येते का थो, बाई? झाड त्याच्या खोलीवर गेलं त येईन कोनाकडे?"

मी त्यांच्याजवळ बसून तांदूळ निवडू लागले. मला सासूबाईंना आणखी एक गोष्ट सांगायची होती. आमचा अनंत गेला होता.

खरं तर मे महिन्यातच त्याच्या कळ्या गळाल्या होत्या. पावसानं तो सावरेल असं वाटलं, पण पानं पिवळी पडून झडली आणि फांद्या राखेच्या रंगाच्या झाल्या. पावसाच्या दिवसांत काका पुढच्या ओट्यावरच बसत, मागं जात नसत. मी नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं. त्याच्या जागी गुपचूप दुसरा लावावा म्हणून रिक्षा करून गावातल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. अनंत मिळाला, पण वीतभर.

त्याच संध्याकाळी काका आले, पाऊस उघडला होता. अंगणात गेले. मी दारात उभी राहिले. त्यांनी एक फांदी वाकवली, ती कट्कन मोडली. मग खाली बसून बुंध्याशी नख लावलं.  जन्मभर गुरांच्या डोळ्यांत पाहून निदान करणारा माणूस, त्याला मी काय सांगणार होते.

काका उठले. नळावर प्लास्टिकचा मग भरला आणि हळूहळू, कडेकडेनं, सगळं पाणी ड्रममध्ये घातलं. रिकामा मग जागेवर ठेवला. हात धुतले आणि नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तायडेभाऊ," त्या म्हणाल्या, "आज वांगे-आलू केले. जेवूनच जा."

काका जेवले. वांगं कच्चं राहिलं म्हणाले आणि आणखी एक पोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर, फाटक वाजलं. काका सरळ मागच्या अंगणात गेले, मगभर पाणी त्या काड्यांना घातलं आणि खुर्ची ओढून बसले.  मी चहा ठेवला, साखर कमी घालून.