दामले सरांचं अर्धं चित्र

आमच्या डोंबिवलीच्या शाळेत दामले सर चित्रकला शिकवत, पण त्यांच्या वर्गात एकाही मुलाला पूर्ण चित्र काढायची परवानगी नव्हती. निम्मा कागद आपण रंगवायचा, उरलेला दुसऱ्याला द्यायचा. "अर्धं आपलं, अर्धं समोरच्याचं!" हे त्यांचं पालुपद. मी शाळेचा पर्यवेक्षक. माझ्याच मुलीने काढलेल्या तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुणीतरी कमरेखाली घोडा जोडला. वर ते चित्र प्रदर्शनात लागलं! माणसाने चिडायचं नाही तर काय करायचं?

नेतृत्व हाही सरांचा विषय. कुणी दिला नव्हता, त्यांनीच घेतला होता. वर्गाचा पुढारी दर आठवड्याला बदलायचा आणि त्याचं काम एकच, सगळ्यांचे ब्रश धुणं. नेतृत्व शिबिराच्या उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष कडक इस्त्रीत आले, तर सरांनी त्यांच्या हातात बादली दिली. "साहेब, आज पुढारी तुम्ही!" अध्यक्षांनी मुकाट्याने ब्रश धुतले आणि मेमो मला आला. मला!

पुढे शाळेत कॉम्प्युटर आला, पाठोपाठ फोनच्या लाइनवर चालणारं इंटरनेट. झालं! सर अर्धी चित्रं स्कॅन करून कळव्याच्या एका शाळेला पाठवू लागले. तिकडची मुलं उरलेलं अर्धं काढून धाडणार. तोवर शाळेचा एकुलता एक फोन अडकलेला आणि पालकांच्या शिव्या खायला मी.

"अहो दामले, कळवा काय लांब आहे? चित्र हातात घेऊन गेलात तर चहा पिऊन परत याल!"

"तसं नाही, सर. मुलांना वाट बघता आली पाहिजे."



ते निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कागदांवर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. कोपऱ्यात नवाकोरा कॉम्प्युटर, पेल्यात रंग वाळलेले ब्रश. भिंतीवर एक चित्र होतं. झोपाळ्याच्या एका टोकाला म्हातारा बसलेला, दुसरं टोक कोरं.

"हे अर्धंच?"

"उरलेलं अजय काढणार आहे. मुलगा माझा, अमेरिकेत असतो. ईमेलने पाठवलंय त्याला."

"कधी पाठवलंत?"

"दिवाळीत."

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं.

"कामात असेल हो. तिकडे फार काम असतं," सर म्हणाले.

मला त्या कधी न पाहिलेल्या पोराचा असा संताप आला! बापाच्या शेजारी बसलेला एक माणूस काढायला कितीसा वेळ लागतो? "फोन लावा त्याला," मी ओरडलो, "आत्ताच्या आत्ता! मी बोलतो!"

सरांनी घाईघाईने फोनवर हात ठेवला. "नको, नको. लाइन अडकेल. तेवढ्यात चित्र आलं तर?"

मी तो पेला उचलला, मोरीत गेलो आणि रागारागाने त्यांचे सगळे ब्रश धुऊन काढले.