चिरुटाची पारख

लेकीच्या, हर्षालीच्या होणाऱ्या सासऱ्यांना चिरूट आवडतो असं कळलं आणि बोरी बुद्रुकच्या सयाजीनं ठरवून टाकलं, लग्नाच्या बोलणीला जाताना क्युबाचा अस्सल चिरूट न्यायचा. हे सासरे, अवसरीचे दादाभाऊ, तीस वर्षं जहाजावर काढलेले. त्यांच्यापुढं पेढ्यांचा पुडा काय टिकणार? नकली माल कसा ओळखायचा याचे मोबाइलवर मिळतील तेवढे व्हिडिओ सयाजीनं पाहिले आणि आईला घेऊन पुण्याचं दुकान गाठलं. आई, म्हणजे अंबाबाई, वीस वर्षं विड्या वळलेली बाई.

दुकानदारानं काचेच्या झाकणाची पेटी पुढं केली.

"काचेचं झाकण? अस्सल माल असल्या पेटीत येतच न्हाई," सयाजी म्हणाला.

अंबाबाईनं एक चिरूट उचलून अंगठ्यानं दाबत नेला. "मधी गाठ हाय. आत पान न्हाई, नुसता चुरा. वळणारा लई आळशी व्हता."

दुकानदारानं आतल्या कपाटातून लाकडी पेटी काढली. चिरुटाभोवतीच्या कागदी पट्टीवरची अक्षरं बोटाला उठावदार लागली. चिरूट सगळीकडं सारखा दबला. म्हातारीनं हुंगला. "ह्यो खरा. शेणखतावानी वास येतोय बघ."

अवसरीला चहापाणी झालं. सयाजीनं छाती फुगवून चिरूट पुढं केला. दादाभाऊंनी तो नाकाशी नेला आणि हळूच सयाजीच्या पाठीवर हात ठेवला.

"फसवलं राव तुमाला! गोठ्याचा वास मारतोय. थांबा, खरा माल दाखवतो."

त्यांनी कपाटातून काचेच्या झाकणाची पेटी काढली.

अंबाबाईचा अंगठा आपोआप पुढं सरकला. "मधी गा..."

"आई, चहा निवतोय तुजा!" सयाजीनं तिच्या हातात बशी कोंबली.

शिकलेली सगळी विद्या त्याच्या जिभेवर येऊन ठेपली होती. पण समोर दादाभाऊंची बायको, शेजारी नवरामुलगा. त्यांच्यादेखत या माणसाला कसं सांगायचं, की तुम्ही इतकी वर्षं चुरा ओढताय?

"फसलो बघा, पावणं," तो म्हणाला. "आमाला काय कळतंय त्यातलं?"

 दादाभाऊ बायकोकडं वळले. "ऐकलंस? चारचौघांत 'फसलो' म्हणणारा माणूस जन्मात पहिल्यांदा बघतोय. एवढं खरं बोलणारा सोयरा पुन्हा गावायचा न्हाई. आण सुपारी!"

सयाजीनं ओशाळून मान खाली घातली. दादाभाऊंना ती नम्रता वाटली.